ऊटा झालं की

वडील गेले त्याला आज सव्वीस दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि त्यांच्या फडताळाची आवराआवर माझ्याकडे राहिली. रोज शाळेतून आल्यावर मी एक कप्पा काढतो. त्याहून जास्त होत नाही. काल औषधांचा कप्पा काढला. सूतशेखराच्या दोन डब्या, हिंगाष्टकाची बरणी, कुणीतरी दिलेलं आणि कशावर दिलं ते कुणालाच आठवत नाही असं एक काळं चूर्ण, आणि अगदी मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या सहा रिकाम्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी खळीनं चिकटवलेली होती. वळणदार, टपोरं, पुस्ती गिरवायला द्यावं असं अक्षर. सहाही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता: "जेवणानंतर. (निजून उठल्यानंतर नव्हे.)"

मी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसलो, आणि तेही मोठ्यानं. माझी बायको स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आली. मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं चिठ्ठी वाचली, पदर तोंडाला लावला आणि तिथंच खाली बसली. हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. माझंही मला नीट सांगता आलं नसतं.

त्या चिठ्ठीची हकीकत लिहून ठेवावी असं वाटलं, म्हणून हे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेचे ते हेडमास्तर. आई गेल्यावर आणि पेन्शन सुरू झाल्यावर, वयाच्या सत्तराव्या वर्षी ते आमच्याकडे राहायला आले. मी बेळगावातल्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि बिऱ्हाड शहापुरात होतं, विणकरांच्या आळीत. अण्णांचा सगळा जन्म दुरुस्त्या करण्यात गेला होता. लग्नाची निमंत्रणपत्रिका आली की तांबड्या पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासून ते ती पाठवणाऱ्याकडे परत धाडत. बरेच लोक त्यामुळं दुरावले, पण चुका केलेल्या लोकांविषयी त्यांना फारसं वाईट वाटत नसे. बोलण्यातल्या चुकाही त्यांना खपत नसत. भाजीवाली "दोन पैशाची कोथमीर" म्हणाली की ते "दोन पैशांची" म्हणत, आणि ती बिचारी जुडी बदलून देई.

अशा माणसाला शहापुरात आणून ठेवणं हे मीच थोडं धाडसाचं केलं. इथं माणूस एका वाक्यात मराठीत शिरतो आणि कानडीतून बाहेर पडतो. मला त्याची सवय झाली होती. अण्णांना कानडीचा गंध नव्हता, आणि समोरचा माणूस कानडी बोलतो आहे हेच त्यांना पटत नसे. तो वाईट मराठी बोलतो आहे अशीच त्यांची समजूत होई.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. शेजारचे म्हातारे विणकर दुपारी दोनच्या सुमारास मागावरून उठून बाहेर आले. अण्णा ओट्यावर बसले होते. विणकरांनी इथल्या रिवाजाप्रमाणं आपुलकीनं विचारलं, "काय थोरलं मास्तर, ऊटा झालं न्हवं?"

ऊटा म्हणजे कानडीत जेवण. जेवलात का, एवढंच ते विचारत होते. अण्णांनी ऐकलं "उठा". भर दुपारी दोन वाजता, तुमचं उठणं झालं का? त्यांना ते फार लागलं. "पहाटे पाचलाच झालं," ते ताठपणे म्हणाले. विणकर चकित झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. सातारकडचे मास्तर पहाटे पाचला जेवतात आणि मग दिवसभर काही खात नाहीत, अशी बातमी आळीभर झाली. काही बायांनी त्यांना लांबून नमस्कारही केला. इकडं अण्णा मला म्हणाले, "तुमच्या या गावात लोक फार उशिरा उठत असावेत. जो तो मला तेच विचारतो." मी वह्या तपासत होतो. मी नुसतं हो म्हटलं. त्या वेळी मान वर करून एक वाक्य बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. अण्णांनी मीठ सोडलं होतं. मिठाचा कायदा मोडायची चळवळ झाली त्या वर्षी माणसं समुद्रावर जाऊन मीठ उचलत होती, तुरुंगात जात होती. अण्णांना सरकारची पेन्शन. त्यांनी कायदा मोडला नाही, सभेला गेले नाहीत, घोषणा दिली नाही. ज्या दिवशी मिठावरचा कर जाईल त्या दिवशी मीठ खाईन, असं मनाशी ठरवून त्यांनी अळणी जेवायला सुरुवात केली, आणि ही गोष्ट मला आणि माझ्या बायकोला सोडून कुणालाही सांगितली नाही. लोक विचारत तेव्हा ते म्हणत, "सातारच्या वैद्यांनी बंद केलंय." इंग्रज सरकारला या बंडाची काहीच खबर नव्हती. पण अण्णांनी वर्षभर एक कण तोंडात घातला नाही.

आता औषधाकडं येतो. आळीतले माग पहाटेपासून खटखट सुरू करत ते दिवे लागेपर्यंत. अण्णांची झोप गेली. त्यांच्या वयाचे चारपाच जण देवळाच्या कट्ट्यावर बसत, त्यांनी आपापली औषधं पुढं केली. त्या कट्ट्यावर औषध पानसुपारीसारखं फिरायचं. एकाच्या गुडघ्याला गुण आला की ते दुसऱ्यानं छातीच्या धडधडीवर घेऊन बघायचं, आणि तिसऱ्यानं उरलेलं पुडीत बांधून घरी न्यायचं. तिथूनच ते काळं चूर्ण आलं असावं. कशानंही झोप येईना, तेव्हा मी अण्णांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, झोपेचं ब्रोमाइडचं मिक्श्चर लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते मुलीच्या सासरी मुंबईला तीन आठवड्यांसाठी निघून गेले. दवाखाना कंपाउंडरवर राहिला.

हा कंपाउंडर गोकाककडचा. माणूस अतिशय मायाळू, हात स्वच्छ, मराठी मोडकं. त्यानं बाटली भरली, कात्रीनं कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवली, आठ खाचा, आठ भाग, आणि अण्णांना सांगितलं, "अज्जा, ऊटा झालं की एक भाग घ्या. विसरू नका हां."

अज्जा म्हणजे आजोबा. अण्णांना ते संबोधन आवडलं नाही, पण त्याहून त्या वाक्याचं व्याकरण आवडलं नाही. मी तेव्हा दाराशी चपला घालत होतो. आत काय बोलणं झालं ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

पहिले काही दिवस फार छान गेले. अण्णांना झोप लागू लागली. मग दुपारीही लागू लागली. मग सकाळीही. माझी बायको म्हणाली की मामंजी आता माग वाजत असतानाही घोरतात, म्हणजे औषध चांगलंच लागू पडलंय. आम्ही दोघंही खूश होतो. बाटली लवकर संपते हे तिच्या ध्यानात आलं होतं, पण ज्या माणसानं चाळीस वर्षं घंटेवर शाळा चालवली त्याच्या औषधाच्या वेळा आपण काय तपासणार, असं तिला वाटलं. बाटली संपली की अण्णा स्वतः काठी टेकत जाऊन भरून आणत. कंपाउंडरनं एकदा विचारलं, इतक्यात संपली? तेव्हा अण्णा म्हणाले, "तुम्हीच सांगितल्याप्रमाणे घेतोय." त्यानं भरून दिली. पण असं पुन्हा कुणी विचारू नये म्हणून ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन टांग्यानं कॅम्पातल्या एका औषधाच्या दुकानातही गेले आणि तिथूनही एक बाटली घेऊन आले. शहापूर तेव्हा संस्थानी हद्दीत आणि कॅम्प इंग्रजी. एकाच झोपेसाठी दोन राज्यांतून औषध येऊ लागलं आणि या राज्याची त्या राज्याला वार्ता नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात अण्णा चालताना झोकांड्या खाऊ लागले. जीभ जड झाली. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या. एका सकाळी त्यांनी माझ्या बायकोला उभं केलं आणि तेराचा पाढा म्हणायला सांगितला. ती बिचारी पोळ्या टाकून आली आणि म्हणाली. तेरा साते ब्याण्णव म्हणाली, आणि अण्णा "शाबास" म्हणाले. तेव्हा ती घाबरली. चुकलेल्या पाढ्याला शाबास म्हणणारे अण्णा आम्ही कधी पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी शेजारचे विणकर मला बोळात गाठून हळूच म्हणाले, "मास्तर, राग मानू नगासा. थोरल्या मास्तरांस्नी सांजचं जरा आवरा. माझा बा बी असाच व्हता. आदी थोडी, मग लई." मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कान लाल झाले. ज्या माणसानं जन्मात चहासुद्धा कडक घेतला नाही, तो ताडी पितो असं आळीनं ठरवलं होतं. पहाटे जेवण आणि संध्याकाळी ताडी, सातारकडं असंच असेल म्हणून लोकांनी समजून घेतलं होतं.

ताडीचं मला हसण्यावारी नेता आलं. पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी साताऱ्याच्या जुन्या सहकाऱ्यांना लिहिलेलं कार्ड माझ्याकडे पेटीत टाकायला दिलं, आणि वाटेत ते वाचून मी उभा राहिलो. "मी खूशाल आहे," असं लिहिलं होतं. खुशालमधला उकार दीर्घ. "प्रकृति बरि" होती. ज्या अनुस्वारांसाठी त्यांनी चाळीस वर्षं मुलांचे कान पिळले ते एकूण एक गळाले होते. अक्षर मात्र तेच टपोरं, सुंदर. मला वाटलं, वडील गेले. शरीर घरात आहे, पण वडील गेले. मी ते कार्ड टाकलं नाही. खिशात ठेवलं. वयानुसार माणसाचं डोकं असं हळूहळू विझत असेल, आणि आता आपल्याला ते बघत बसायचं आहे, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

रविवारी मी घरी होतो. पुस्तक हातात घेऊन त्यांच्याजवळ बसलो. सकाळी नवाच्या सुमारास अण्णा डुलकीतून जागे झाले, उठून बसले, बाटली घेतली, पट्टीवर अंगठा ठेवून एक भाग मोजून प्याले आणि आडवे झाले. पाऊण तासानं जागे झाले, उठून बसले, एक भाग प्याले, आडवे झाले. साडेदहाला पुन्हा तेच. औषध झोपेचं, त्यामुळं घेतलं की डोळा लागायचा. डोळा लागला की कधीतरी उघडायचा, उघडला की ते उठायचे, आणि उठले की औषध. चौथ्या वेळी मी त्यांचा हात धरला.

"अण्णा, हे दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

"उठल्यावर."

"असं कोण म्हणालं?"

"तो अशुद्ध बोलतो," अण्णा जड जिभेनं म्हणाले. "उठा झालं की घ्या म्हणाला. तेही ठ नाही, ट. आणि उकार दीर्घ. ऊटा. मी ते तिथल्या तिथं दुरुस्त केलं. म्हटलं, उठा झालं की नव्हे, उठणं झालं की. तो हो हो म्हणाला."

मला दवाखान्यातली ती खोली आठवली, हो हो म्हणून हसणारा तो मायाळू कंपाउंडर आठवला, पहाटे पाचला जेवणारे सातारकर मास्तर आठवले. तीन आठवडे अण्णा दिवसातून दोनऐवजी दहा-बारा वेळा औषध पीत होते, ते एका ट चा ठ केल्यामुळं.

डॉक्टर सुदैवानं आदल्या दिवशी परत आले होते. ते टांग्यानं तातडीनं आले. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, श्वास मोजला, दोन्ही बाटल्या उचलून खिडकीबाहेर ओतल्या. म्हणाले, "आता दुसरं औषध नाही. भरपूर पाणी आणि मीठ. मीठच हे अंगातून बाहेर काढतं. ताकात, पेजेत, जमेल तसं द्या." मग मी सांगितलं की अण्णा वर्षभर अळणी खातात. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "म्हणूनच इतकं साचलंय. मीठ पोटात नाही, तर याला बाहेर पडायला वाट कुठली? मास्तर, मीठ कोणी बंद केलं तुमचं?"

अण्णा झोपेतच म्हणाले, "व्हाइसरॉयनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. भ्रम झालाय असं त्यांना वाटलं. गेल्या दोन आठवड्यांत अण्णा एवढं शुद्धीत एकही वाक्य बोलले नव्हते, हे त्या खोलीत फक्त मला आणि दाराआड उभ्या असलेल्या माझ्या बायकोला माहीत होतं. निघताना डॉक्टर मला ओट्यावर हळू आवाजात म्हणाले की श्वास मंदावतो आहे, चारपाच दिवसांत मीठ पोटात गेलं नाही तर मग काही सांगता येणार नाही.

मीठ देणं अवघड नाही असं आम्हाला वाटलं. बायकोनं ताकात चिमूटभर घातलं. अण्णांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "यात आहे." वर्षभर अळणी असलेल्या जिभेला ते न कळणं शक्यच नव्हतं. त्यानंतर त्यांनी घरातलं काहीच तोंडात घ्यायचं नाकारलं. नुसतं पाणी, तेही आधी चाखून. मी समजावलं, डॉक्टरांचं सांगितलं, जीव जाईल म्हणालो. "जाईल तर जाईल," ते म्हणाले आणि घोरू लागले. झोपेत असा हट्ट करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वाट काढली ती माझ्या बायकोनं. तिचं माहेर गोव्याच्या वाटेवरच्या खानापूरचं. मंगळवारी सकाळी ती अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मामंजी, गोव्याचं मीठ चालेल का?"

अण्णांनी एक डोळा उघडला. "तिथं इंग्रज नाही."

"नाही. पोर्तुगीज आहे."

तो डोळा मिटला. आम्हाला वाटलं झोपले. मग म्हणाले, "पोर्तुगीजाशी माझं भांडण नाही." पुन्हा डोळा मिटला, पुन्हा उघडला. "पण नाक्यावर जकात भरलेलं नको. ती जकात इंग्रजालाच मिळते."

"म्हणजे कसलं हवं?" मी विचारलं.

"चोरून आणलेलं," माझे वडील म्हणाले. "आणि मासळीच्या टोपलीतलं नको."

मी जन्मात वाचनालयाचं पुस्तकसुद्धा एक दिवस उशिरा परत केलेलं नाही. सरकारी शाळेत नोकरी. पण बुधवारी मी "घरगुती कारण" असं लिहून रजेचा अर्ज दिला आणि सकाळच्या गाडीनं खानापूरला गेलो. माझा मेहुणा तिथं लाकडाच्या वखारीत कारकून होता. त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला की गोव्याहून लोंढ्याच्या बाजूनं येतं खरं, नारळाच्या पोत्यांत लपवून येतं, "पण भावजी, तुमच्या तोंडाकडं बघून कोण देणार? तुम्ही परीक्षा घ्यायला आल्यासारखे दिसता." तरी त्यानं स्टेशनजवळच्या एका गोवेकराचं हॉटेल दाखवलं. त्याच्याकडं चौकशी करा म्हणाला, आणि वखारीत निघून गेला.

मी बाकावर बसलो. गोवेकर समोर आला. मी आजूबाजूला पाहिलं, पुढं वाकलो आणि कुजबुजलो, "मीठ आहे का?"

त्यानंही आजूबाजूला पाहिलं, पुढं वाकला, आणि तितक्याच हळू म्हणाला, "आहे." आत गेला. परत आला तो एका बशीत उकडलेलं अंडं आणि शेजारी मिठाची चिमूट घेऊन. मी एवढा लाजून विचारतो आहे तो ब्राह्मण असून चोरून अंडं खायला आलो म्हणून, असं त्याला वाटलं असणार. त्यानं माझ्यासाठी खिडकीचं दारसुद्धा ओढून घेतलं. मी अंड्याकडं पाहत राहिलो. मग पैसे ठेवले आणि अंडं तसंच टाकून बाहेर आलो.

परतीच्या गाडीला अर्धा तास होता. दुसऱ्या कुणाला विचारायचं धैर्य माझ्यात उरलं नव्हतं. मी खानापूरच्या बाजारात गेलो, पहिल्या दुकानात कर भरलेलं, सरळ, सरकारमान्य खडेमीठ घेतलं, आणि कागदात नको, पानात बांध म्हटलं. दुकानदारानं सागाच्या पानात बांधून वर वाखाची दोरी गुंडाळली. ते दिसायला अगदी चोरून आणलेलं दिसत होतं. गाडीत सारा वेळ ते मांडीवर होतं.

अण्णा जागे होते. चेहरा मेणासारखा झाला होता. मी पुडी समोर धरली. त्यांनी पान बोटानं चाचपलं.

"नाक्यावर जकात भरलीस?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. मी कुठल्याच नाक्यावर काहीच भरलं नव्हतं.

"कुणी पाहिलं नाही ना?"

"नाही." तेही खरं होतं. खानापुरात माझ्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, अंडेवाला सोडून.

"गोव्याचं?"

"हो."

तीनपैकी दोन उत्तरं खरी होती. अण्णांनी काही क्षण माझ्याकडे पाहिलं, आणि मग आ केला, लहान मूल करतं तसा. माझ्या बायकोनं पेजेत मीठ घालून पहिला घास भरवला. तो गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरानं मीठ खाल्लं म्हणून असेल.

पाचव्या दिवशी नजर निवळली. आठव्या दिवशी ते न अडखळता न्हाणीघरापर्यंत गेले. दहाव्या दिवशी मी भीत भीत ते न टाकलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. "हे कुणी लिहिलं?" "तुम्हीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, तांबडी पेन्सिल मागून घेतली. चौदा चुका निघाल्या. सगळ्या दुरुस्त करून, कोपऱ्यात शंभरापैकी अठ्ठावीस गुण देऊन, त्यांनी ते कार्ड तसंच साताऱ्याला पाठवायला लावलं. मी त्या दिवशी शाळेत मुलांवर एकदाही ओरडलो नाही.

मग ते काठी घेऊन एकटेच दवाखान्यात गेले. मी हातातली कामं टाकून मागोमाग गेलो, कारण मला त्या कंपाउंडरची काळजी वाटत होती. तोही बिचारा पांढरा पडला होता. अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शब्द तुमचा बरोबर होता. दुरुस्ती माझी चुकली." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. कंपाउंडरला जे नेहमी सुचायचं तेच तो बोलला, "अज्जा, ऊटा आतेन्री?" अण्णा म्हणाले, "त्याला उत्तर काय द्यायचं ते आधी सांगा." "आत्री म्हणायचं. म्हणजे, झालं." "आत्री," अण्णा म्हणाले, आणि मग दोनदा घोकलं.

त्यानंतर सत्तराव्या वर्षी ते त्याच्याकडून कानडी शिकले. चुकीची शिकले असं माझी बायको म्हणते, कारण त्या कंपाउंडरलाही ते मधूनमधून दुरुस्त करत. घरात येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर ती चिठ्ठी तेव्हापासून लागू लागली. कट्ट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनाही त्यांनी तसल्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. एकानं ती डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीवर लावली आणि वर्षभर जेवल्यावर डोळ्यांत थेंब घालत राहिला. त्याचं काही बिघडलं नाही.

राहता राहिलं मीठ. अण्णा बरे झाले तरी त्यांची प्रतिज्ञा कायम होती, आणि डॉक्टरांनी अळणी जेवायला सक्त मनाई केली होती. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात दोन बरण्या झाल्या, एक आमची आणि एक "गोव्याची". दोन्ही एकाच पिशवीतून भरल्या जात. आमटी, भाजी अण्णांची वेगळी, आमची वेगळी. दर काही महिन्यांनी अण्णा विचारत, "खानापूरला जाऊन आलास का?" मग मी रविवारी मेहुण्याकडे जेवून येई आणि येताना सागाची चार पानं घेऊन येई. सोळा वर्षं. माझी बायको एकदा म्हणाली की तुम्ही सोळा वर्षं खोटं बोलताय. मी म्हटलं, चोरटं मीठ आणतोय हे खोटं बोलणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकायची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही.

यंदा अण्णा अंथरुणाला खिळले होते. दृष्टी गेलेली. वर्तमानपत्र मी वाचून दाखवत असे. वसंतात एका सकाळी बातमी आली. मी वाचली, "मिठावरचा कर उठला."

अण्णांनी हात कानामागं धरला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "उठला की जेवला, ते नीट वाच."

मी पुन्हा वाचलं. "उठला."

"मग बरण्या एक कर. सूनबाईला दोन दोन धुवाव्या लागतात." मी उठून निघालो तेव्हा ते मागून म्हणाले, "चवीत काही फरक पडायचा नाही."

मी वळलो. ते डोळे मिटून पडले होते. मी परत येऊन बसलो आणि विचारलं, अण्णा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"पहिल्या दिवसापासून. पहिल्या दोन उत्तरांना तू थांबून बोललास. तिसऱ्याला पटकन हो म्हणालास. मुलं असंच करतात."

"मग का खाल्लंत?"

"तू रजा टाकून खानापूरला गेलास," ते म्हणाले. "सरकारी शाळेत मास्तरला मधल्या वारी रजा किती मुश्किलीनं मिळते ते मला माहीत आहे."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि गोव्याची बरणी आमच्या बरणीत ओतली. माझी बायको बघत होती. त्या दिवशी एकच आमटी केली, आणि दोघांच्या हातून मिळून तीत मीठ बरंच जास्त पडलं. अण्णांनी वाटी संपवली. दुरुस्ती सांगितली नाही.